ऑर्व्हलची पहार

ऑर्व्हलने आयुष्यभर याच पहारीने दातांनी झाडं पाडून ओढा अडवणाऱ्या बीव्हर प्राण्यांचे बांध फोडले. कुरणात पाणी शिरतं म्हणून. बीव्हर गेले, ओढाही खंगला, उन्हाळ्यात ट्राउट माशांची पिल्लं डबक्यांत तडफडून मरू लागली. शेवटी म्हाताऱ्याने त्याच पहारीने खुंट रोवले, वाळुंजाच्या फांद्या विणल्या आणि स्वतःच बीव्हरसारखा बांध घातला. "आता झाडंही दातांनीच पाड," थेल्डाने नवऱ्याला टोमणा मारला. आज सकाळी बघतो तर बांध हातभर उंच झालेला, वर ताजा चिखल लिंपलेला, फांद्यांवर दातांच्या खुणा. मागच्या पाण्यात पिल्लं सुळसुळत होती. पण तेच पाणी कुंपण ओलांडून कुरणात पसरलं होतं. ऑर्व्हलने पहार उचलली. "ऑर्व्हल, नको!" थेल्डा ओरडली. तो बांधापर्यंत गेला, थबकला. मग वळून त्याने पहार कुंपणाच्या खांबाखाली घातली. "ओरडतेस काय? कुंपण मागे घेऊ. मूळ मालक परत आलेत."