सहावा दगड

दगडांना चुना फासायला सांगितला तर माणसानं चुनाच फासावा. पण म्हाताऱ्याला साधं काम साधं करता आलं असतं, तर नागुबाईचा अर्धा जन्म वाचला असता.

येळवशीचा दिवस, रानात पूजा अन् जेवण करायची वेळ अमावास्या. ज्वारीच्या मधोमध कडब्याची कोप उभी केलेली. आत मांडायचे पाच दगड म्हणजे पाच पांडव, अन् सहावा लहानगा म्हणजे द्रौपदी. दरसाल त्यांना चुन्याचा एक हात अन् कावेचे दोन ठिपके. घटकाभराचं काम. नागुबाईचा नवरा, मल्लिकार्जुन, दिवस उगवल्यापासून त्यालाच बसला होता.

नागुबाई आंबिलीचं मडकं टेकवून कोपीत वाकली, अन् तशीच राहिली.

पांडवांना तोंडं आली होती. डोळे, भुवया, नाकं. तव्याची काजळी, कापडाची नीळ, हळद, काव, सगळं करवंट्यांत कालवून ठेवलेलं. कडुलिंबाची काडी चावून केलेला कुंचला म्हाताऱ्याच्या हातात, अर्धा रंग धोतरावर. अन् तो शीळ घालत होता. ज्यानं उभ्या संसारात बैलासाठीसुद्धा शीळ घातली नव्हती.

"आवो, देव हायत का जत्रंतल्या बाहुल्या?"

"धर्माचं नाक बघ," तो म्हणाला. "तीनदा पुसलं, तवा बसलं."

मागून सून आली, अनुपमा. भज्जीचं पातेलं खाली ठेवलं, आत डोकावली अन् पदर तोंडात कोंबला.

"आत्या, भीम बघा. आमचे अण्णाच बसलेत."

नागुबाईनं बघितलं. गळ्याखाली दुसरी हनुवटी. मिशीची डावी बाजू उतरलेली. हुबेहूब व्याही, बसवणप्पा. अन् तोच आज जेवायला यायचा होता. भावकीतल्या एका लग्नात पंगतीत दुसऱ्या नंबरानं वाढलं, तर पाणीसुद्धा न पिता उठून गेलेला माणूस. त्यापायी अनुपमाला सहा महिने माहेर बंद होतं.

अनुपमाचं हसू तिथंच विरलं.

"चुना कालव गं," नागुबाई म्हणाली. "पावणं यायच्या आत पुसून काढू."

शीळ थांबली. मल्लिकार्जुनच्या मांडीवर सहावा दगड होता, त्यावर त्यानं गमछा ओढला.

"बाकीचे पुसा," तो हळूच म्हणाला. "भीम ऱ्हाऊ द्या. आसा पुन्हा व्हायचा न्हाई."

नागुबाईनं ऐकलं, अन् चुन्यात चिंधी बुडवली.

"झाली का भज्जी, विहीणबाई?"

बसवणप्पा बांधावरून थेट कोपीपाशी आला होता. चपला काढल्या, हात जोडून वाकला. जोडलेले हात जोडलेलेच राहिले. तो भीमाकडं बघायला लागला, भीम त्याच्याकडं. नागुबाईनं चिंधी पाठीमागं लपवली. चुना लुगड्यावरून ओघळून टाचेवर आला. अनुपमा उगंच भाकरी मोजायला लागली.

"कुणी केलं हे?"

"म्या," मल्लिकार्जुन म्हणाला.

"ह्यो भीम हाय ना?"

"भीमच."

बसवणप्पानं आपल्या मिशीची डावी बाजू चाचपली, वर पिळली. ती पुन्हा खाली आली.

"नकुल केला असता तर आलो तसाच गेलो असतो," तो म्हणाला, अन् खिशातला मोबाईल लेकीपुढं धरला. "काढ गं फोटू. दोघांचा."

अनुपमानं एकाऐवजी चार काढले.

मग मल्लिकार्जुननं गमछा बाजूला केला अन् सहावा दगड पाचांच्या शेजारी ठेवला. ठेवताना त्यानं कुणाकडं बघितलं नाही.

कपाळावर विभूतीचे पट्टे, खाली कुंकू. हनुवटीवर गोंदणाचे तीन ठिपके, त्यातला मधला जरा बाजूला सरकलेला. आठ वर्षांची नागुबाई सुई बघून हलली होती, म्हणून तो तसा. आता सुरकुत्यांत तो तिला स्वतःला आरशात सापडत नव्हता. अन् हा माणूस! पंचेचाळीस वर्षांत ह्यानं एकदा मान वर करून आपल्याकडं बघितलं न्हाई, असं ती साऱ्या भावकीला सांगत आली होती.

नागुबाई वाकून बघत राहिली. चुन्याची चिंधी हातातच होती. मल्लिकार्जुन करवंटीतली नीळ उगंच ढवळत होता.

तिनं चिंधी ज्वारीत भिरकावली.

"गोंदण बरुबर हाय," ती नवऱ्याला म्हणाली. "पण ह्या बाईचं तोंड कामून मिटलंय? माझं मिटलेलं तोंड तुमी कवा बघितलं? घ्या ती काडी, अन् उघडा."