नाव न घेता मारलेली हाक

सिंगापूरला मुलाकडे आलेली दोघं एका ज्वालामुखीच्या बेटावर फिरायला गेली होती. काळ्या वाळूच्या किनाऱ्याशी पद्माकरराव लाइफ जॅकेट घालून, पोहण्याची हद्द दाखवणाऱ्या झेंड्यांच्या आतच पोहत होते. तरी लाटा वाढल्या तसा सरोजिनीबाईंचा जीव खालीवर व्हायला लागला. नवऱ्याचं नाव त्यांनी उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. समुद्राकडे बघून त्यांनी हाक मारली, "अहो, पुरे आता. बाहेर या."

"अगं, मी इथंय." पद्माकरराव केव्हाचे मागे उभे राहून अंग पुसत होते.

झेंड्यांपलीकडे, खोल पाण्यात, एक डोकं मात्र वळलं.

परतल्यावर मुलगा ऑफिसला गेला आणि फ्लॅटमध्ये दोघंच उरली. बाथरूममध्ये शॉवर चालू होता. सरोजिनीबाईंनी चहा गाळला. "अहो, चहा झालाय."

"आलो," पद्माकरराव बाल्कनीतून म्हणाले.

शॉवर बंद झाला.