शेवटचा आकडा

शर्टाच्या खिशातून चिठ्ठी निघाली ती ओलीचिंब, आणि तिचा उजवा कोपरा गायब. सर ती हातात धरून ओरडले.

"ताई, खिसे न बघता कपडे धुतेस कशी गं तू?"

"बेचाळीस वर्षांच्या घोड्याचे खिसे मी बघायचे?" ताईने दोरीवर पुढचा शर्ट झटकला.

चिठ्ठीवर ग्रंथपाल बाईंचा फोन नंबर होता. आठ वर्षं सर वाचनालयात जात होते, आणि आठ वर्षं पुस्तक हातात घेऊन बाईंना एवढंच सांगत होते, "हा क्रमांक मूळ संख्या आहे बरं का!" नाहीतर, "८१२८! परिपूर्ण संख्या! स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज करा, पुन्हा हीच येते." बाई हसायच्या. सर पुस्तक घेऊन घरी यायचे. संपलं. काल बाईंची दुसऱ्या शहरात बदली झाली, आणि निघताना त्यांनीच चिठ्ठी पुढे केली. "माझ्या नंबरला नवाने भाग जातो, सर." सरांनी लाजून, न बघताच ती खिशात कोंबली होती.

आता नऊ आकडे उरले होते. दहावा कोपऱ्याबरोबर गेला. वाचनालयात विचारावं, तर सगळीकडे बोभाटा. एकेक आकडा लावून बघावा, तर परक्या लोकांना फोन करत बसायला सर काय विमा विकत होते? आणि गरजच काय! नवाने भाग जायचा तर आकड्यांची बेरीज नवाच्या पाढ्यात हवी. सरांनी बेरीज केली. पंचेचाळीस. पाढ्यात आधीच बसलेली, वर काही नकोच. म्हणजे शेवटी शून्य. आहे काय नि नाही काय!

फोन टायरवाल्याने उचलला. "कोण बाई? इथे पंक्चर काढतात."

सरांनी फोन ठेवला. म्हणजे बाईंनी खोटा नंबर दिला. आठ वर्षं निमूट ऐकून घेतलं आणि जाता जाता फजिती केली. सरांना फार लागलं ते. दोन दिवस धड जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ताईने खोदून खोदून सगळं काढून घेतलं. मग म्हणाली, "अरे, पंचेचाळिसावर शून्य चालतं, तर नऊ का नाही चालत? चौपन्न. तेही पाढ्यातच की."

सरांनी कपाळावर हात मारून घेतला. वीस वर्षं गणित शिकवत होते! लगेच शेवटी नऊ घालून त्यांनी नंबर लावला.

"हॅलो, मी..."

"ओळखलं. तीन दिवस लावलेत, सर?"

"अहो, चिठ्ठी धुण्यात गेली," सर घाईघाईने म्हणाले. "कोपरा गेला, त्यातच शेवटचा आकडा गेला."

पलीकडे बाई खळखळून हसल्या.

"कोपरा कोराच होता. शेवटचा आकडा मी लिहिलाच नव्हता, सर."