ताईंच्या दोऱ्या

इस्पितळाच्या चाळीस पांढऱ्या कोटांपैकी पहिले आठ टेबलावर पसरले होते आणि आठही कोटांच्या बाह्या चांगल्या चार-चार बोटं आखूड होत्या. इस्पितळाने पाठवलेल्या कागदावर बाहीची लांबी चोपन्न सेंटीमीटर लिहिली होती. ताईंनी पंचेचाळीसवर कातर चालवली होती.

“एकदा चुकलं तर समजू शकतो. आठ वेळा?” मास्तर कडाडले. शिवणाचं दुकान त्यांचं, आणि आवाज दुकानात न मावणारा. “बावीस वर्षं कापड बेतताय तुम्ही! पहिलीतलं पोरसुद्धा वाचेल हा आकडा!”

ताईंनी कातर फडक्यात गुंडाळून पिशवीत टाकली. त्यावर खडूचा डबा टाकला. आता इथं तोंड दाखवायला जागा उरली नाही, असं त्यांना वाटत होतं. हे कधीतरी उघडं पडणार हे त्या पहिल्या दिवसापासून जाणून होत्या; म्हणून तर त्यांनी टेपला कधी हात लावला नव्हता. गिऱ्हाईक समोर उभं करायचं, खांद्यापासून दोरी धरायची, कोपराशी एक गाठ, मनगटाशी दुसरी. दोरीला नावाची चिठ्ठी, आणि तीच दोरी कापडावर ठेवून कापायचं. आकड्याचा संबंधच येत नसे. लोक म्हणत, काय हात आहे! मास्तरही ही पद्धत गिऱ्हाइकांना मोठ्या कौतुकानं समजावून सांगत, जणू त्यांनीच ती शोधून काढली होती.

या वेळी मात्र माणसं आलीच नव्हती, नुसता कागद आला होता, आणि ताईंना टेप हातात घ्यावाच लागला होता.

तयार कोट न्यायला आलेल्या इस्पितळातल्या डॉक्टरबाई दारातच थबकल्या. मास्तरांचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी आखूड बाह्या पाहिल्या, कागद पाहिला, मग भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या शे-दोनशे दोऱ्या पाहिल्या.

“ताई, तुमचा स्वतःचा फोन नंबर पाठ आहे?”

“हल्ली कोणाचा असतो?” मास्तर मध्येच म्हणाले.

“माझा राहतच नाही,” ताई हळूच म्हणाल्या. “कितीदा घोकला.”

“आणि घड्याळ?”

“काट्यांचं असलं की गोंधळ होतो. इथं चहा आला की अकरा वाजले, असं धरून चालते.”

“वाचायला जमतं?”

“वाचायला? गोष्टींच्या पुस्तकांचा फडशा पाडते मी,” ताई जरा तोऱ्यात म्हणाल्या. “आकडेच तेवढे जागेवर थांबत नाहीत.”

डॉक्टरबाई खुर्ची ओढून बसल्या. “माझ्याकडे अशीच मुलं येतात. हुशार, चुणचुणीत. पण आकडे त्यांच्या हाती लागत नाहीत. मेंदूची ठेवणच तशी असते, जन्मापासून. तपासल्याशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण मला वाटतं, तुमचंही तेच आहे. यात तुमची काही चूक नाही, ताई.”

“लहान मुलांचं ना ते? मी एकावन्न वर्षांची बाई आहे.”

“मुलं मोठी होतात. हे जात नाही. फक्त लपवायला शिकतात.”

डॉक्टरबाईंनी ताईंच्या पिशवीकडे पाहिलं, मग उठून स्वतःचा हात लांब केला. “घ्या माझं माप. बाकीची एकोणचाळीस माणसं उद्यापासून दहा-दहा करून पाठवते.”

मास्तरांनी स्वतः एक कोरी दोरी काढून ताईंच्या हातात दिली. असं क्वचितच घडे. ताईंनी डोळे पुसले, माप घेतलं आणि पिशवीतली कातर काढून पुन्हा टेबलावर ठेवली.

डॉक्टरबाई गेल्या. ताईंनी त्यांच्या मापाच्या दोरीला चिठ्ठी बांधली.

“वडील रोज संध्याकाळी समोर बसवून पाढे म्हणून घ्यायचे,” त्या म्हणाल्या. “मारलं नाही कधी, पण दमले. जाईपर्यंत त्यांना वाटत राहिलं, पोरगी मुद्दाम करते. आता हे सांगायचं कुणाला?”

मास्तरांनी चालू मशीन बंद केलं, रिकामी खुर्ची ताईंच्या समोर घेतली आणि बसले.

“मला सांगा,” ते म्हणाले.