किंकाळी ओळखणारं ॲप

हॅकेथॉनच्या, म्हणजे ॲप बनवायच्या स्पर्धेच्या, आदल्या दिवशी तिनं आपलं ॲप आईच्या फोनमध्ये घातलं. किंकाळी ऐकली की ते पोलिसांना कळवणार होतं. "आई, एकदा ओरड बघू." "चल, वेडी कुठली! शेजारी काय म्हणतील?" शेवटी कॉलेजातल्या मैत्रिणींनीच घसा फाटेस्तोवर ओरडून ॲपला किंकाळी शिकवली. तिला पहिलं बक्षीस मिळालं, इंटर्नशिपही. त्याच संध्याकाळी बाबांनी आईचं डोकं भिंतीवर पुन्हापुन्हा आपटलं. फोन शेजारीच होता, पण आईनं नेहमीसारखे दात आवळून धरले. ॲप गप्पच राहिलं. शवागाराबाहेर काका हवालदाराला सांगत होते, "वहिनी जिन्यावरून पडल्या." लहानपणापासून डॉक्टरांना, शाळेतल्या बाईंना, मैत्रिणींना तीही हेच सांगत आली होती. हवालदार तिच्याकडे वळला. काकांनी तिचा दंड करकचून धरला. "बाळा, बाप तरी राहू दे." तिनं दंड सोडवला. "बाबांनी मारलं," ती म्हणाली. "रोजच मारायचे."