उत्तर
धुक्यात वाट चुकून नवरा दरीत कोसळला, त्याला बारा दिवस झाले होते. शोधपथकाने आणून दिलेलं त्याचं होकायंत्राचं घड्याळ तिने मनगटावर बांधलं. खिडकीत सूर्य उगवत होता आणि घड्याळ तिकडेच उत्तर दाखवत होतं. शिलाई मशीनजवळच्या टाचण्यांच्या लोहचुंबकाकडे तिने पाहिलं. तो डोंगराकडे निघण्याआधी पट्टा शिवून तिने घड्याळ रात्रभर त्या चुंबकावरच ठेवलं होतं. रडू आलं नाही. घड्याळाच्या माहितीपुस्तिकेत लिहिल्याप्रमाणे बटण दाबून, हात सपाट धरून ती खोलीच्या मधोमध सावकाश दोनदा स्वतःभोवती फिरली. उत्तर दिशा जागेवर आली. दुपारी दीर आला, घड्याळ फिरवफिरवून बघत राहिला. “वहिनी, हे तर बरोबर दाखवतंय! दादा यावर डोळे झाकून विश्वास ठेवायचा. मग चुकला कसा?” टाचण्या चुंबकाला चिकटवत ती म्हणाली, “त्यांना घरातला चष्मा तरी कधी सापडायचा?”