ढवळणी

बाबाराव पाटलांनी गोबरगॅसच्या हौदाजवळ खाट टाकली आणि तिच्यावर बसून ते आपल्या गड्याच्या, उकंडाच्या, हातांकडे पाहू लागले.

उकंडा ढवळणीचा दांडा फिरवत होता. हौदातल्या शेणकाल्यात लोखंडी पातं होतं, ते या दांड्यानं फिरायचं. पण गॅस धरणारी लोखंडी टोपी वर येत नव्हती. घरात त्यांच्या बायकोची, प्रभावतीबाईंची, शेगडी भुकभुक करून विझली होती आणि त्यांनी पुन्हा चूल पेटवली होती.

"मी नसतो तवा फिरवतं का?"

"रोज फिरवतो, पाटील."

"मंग गॅस कुठी जाते? काय टाकतं तू याच्यात? राकेल?"

"मी कायले टाकू?" उकंडाचा हात थांबला नाही.

कशासाठी, ते बाबारावांनी मनाशी ठरवलंच होतं. उकंडाच्या मोहल्ल्यानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मेलेली ढोरं ओढणं सोडलं. पाटलांचा बैल मेला तेव्हा बोरी अरबहून माणसं आणावी लागली. त्यावरून ते उकंडाला नको ते बोलले होते. ते त्यानं मनात धरलं असणार.

त्यांनी उठून त्याची बादली हुंगली. वास शेणाचाच होता. तरी ते म्हणाले, "उद्यापासून येऊ नको."

मग दांडा ते स्वतः फिरवू लागले. तळहाताला फोड आले, टोपी तसूभर हलली नाही. जाताना काहीतरी टाकूनच गेला, असं ते प्रभावतीबाईंना म्हणाले. त्या चूल फुंकत राहिल्या.

शेवटी दिग्रसहून जफरला बोलावलं. हौदाचं लोखंडकाम त्याचंच होतं. माणसं लावून त्यानं टोपी उचलली. शेणकाल्यावर शेणातून आलेल्या कुटाराची, भुशाची, जाड, घट्ट साय धरली होती. जफरनं काठीनं ती दाबून पाहिली. मग प्रभावतीबाईंकडून काचेची बरणी मागून घेतली, तिच्यात पाणी भरलं, तळाशी नीळ सोडली, वर मूठभर कुटार टाकलं आणि काडीनं गोल फिरवलं.

"पाहा, पाटील. पाणी फिरते, कुटार फिरते, सगळं संगंच फिरते. पर मिसळत नाई. नीळ खालीच हाये."

त्यानं पाटलांना बरणीच्या कडेला बांबूच्या दोन चिपा उभ्या धरायला सांगितल्या आणि पुन्हा फिरवलं. पाणी चिपांवर अडलं, उलटंपालटं झालं. कुटार फुटून खाली गेलं, निळा रंग वर चढला.

"हौदाच्या भिंतीले अशा पट्ट्या पाहिजे. गॅस सायीखाली कोंडून राह्यला."

"म्हंजे उकंडानं..."

"त्यानं फिरवलं, तुम्हीबी फिरवलं. हात कोणाचाबी असता, हेच झालं असतं."

पट्ट्या बसल्या. काही दिवसांनी टोपी वर आली, शेगडी पेटली. बाबाराव उकंडाच्या घरी गेले.

उकंडा छपरावर कवेलू फेरत होता, फुटकी कौलं काढून नवी बसवत होता. त्याची बायको तुळसाबाई खालून एकेक कवेलू देत होती. पाटील दिसताच ती बाजूला झाली.

"गॅस आला," बाबाराव मान वर करून म्हणाले. "तुयी काई चूक नव्हती. उद्यापासून ये."

उकंडानं हातातलं कवेलू नीट बसवलं.

"गॅस आला म्हून मी खरा झालो, पाटील. नसता आला त?"

तुळसाबाई बाजूलाच उभी होती. उकंडानं पुढच्या कवेलूसाठी हात खाली केला. कवेलूंचा ढीग बाबारावांच्या पायाशी होता.